पंचवीस वॅटची काटकसर

आमच्या खात्यात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : "हात चांगला असला की हत्यार कसलेही चालते." हे वाक्य उच्चारणारा माणूस स्वतः कधी हत्यार हातात धरत नाही, हा माझा सिग्नल दुरुस्ती विभागातल्या नोकरीभरचा अनुभव आहे. वाक्य ऐकायला गोड लागते. त्यात कामगाराच्या हाताची स्तुती आहे. पण स्तुतीच्या आडून त्याच हातात भिकार हत्यार ठेवले जाते, आणि काम बिघडले की तीच स्तुती मेमोच्या रूपाने टेबलावर येऊन पडते.

आमच्या बेंचवर घडलेली गोष्ट सांगतो. एका इलेक्ट्रॉनिक कार्डावरची आयसी बदलायची होती. बेंचवर होता पंचवीस वॅटचा साधा सोल्डरिंग आयर्न आणि एक सकर, ज्याचे टोक जळून वाकडे झालेले. आयसीचा अर्थचा पाय काही केल्या सुटेना. नवीन लागलेल्या एका तरुण साथीने आयर्न दाबून धरला आणि पाय सुटला, पण त्याच्यासोबत पीसीबीवरचा तांब्याचा पॅडही उचकटून आला. कार्ड भंगारात गेले. त्या पोराला 'निष्काळजीपणा'चा मेमो मिळाला आणि कार्डाची किंमत पगारातून कापण्याची भाषा सुरू झाली. तो आयर्न कोणी मागवला, कोणत्या निकषावर मागवला, हे कोणीही विचारले नाही. निकष एकच होता : सगळ्यात कमी दर.

आम्ही ती वसुली होऊ दिली नाही, हे वेगळे सांगायला नको. पण त्या भांडणात माझ्या लक्षात आले की आपल्या बाजूलाही हत्यारांविषयी बोलणारे फार थोडे आहेत. आपण महागाई भत्त्याच्या आकड्यावर तासभर बोलतो, मात्र ज्या हत्याराने रोज काम करतो त्याबद्दल गप्प बसतो. म्हणून आज मुद्दाम या विषयावर लिहितो आहे.

उदाहरण आपल्या खात्याबाहेरचे घेतो, म्हणजे कुणाचा मान दुखावायला नको. १९९२ ते १९९५ या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या होंडा सिव्हिक गाड्यांचा संगणक घ्या. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवणारी ही पत्र्याची डबी. तिथल्या हौशी मंडळींत यातला पी२८ हा संगणक फार प्रसिद्ध झाला. त्याच्या पाटीवर कारखान्याने २८ पायांच्या एका मेमरी चिपची जागा मोकळी सोडलेली असते. तिथे आयसी बेस बसवायचा, शेजारी २० पायांची ७४एचसी३७३ ही आयसी, दोन छोटे कपॅसिटर आणि एक रेझिस्टर लावायचा, आणि जे१ नावाची एक तार जोडायची. मग प्रोसेसर आपल्या पोटातला प्रोग्राम सोडून बाहेरच्या चिपमधला प्रोग्राम वाचू लागतो. शर्यतीच्या मैदानावर गाडी पळवणाऱ्यांनी आपापल्या घरच्या टेबलावर हे काम केले. ती मंडळी इंजिनिअर नव्हती. कुणी मेकॅनिक, कुणी दुकानातला नोकर, कुणी कॉलेजचा विद्यार्थी.

आता या कामात कठीण काय? चिप लावणे कठीण नाही. कठीण आहे ती भोके मोकळी करणे. कारखान्यात पाटी वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून जाते, त्यामुळे रिकाम्या जागेची भोकेही सोल्डरने भरलेली असतात. २८ आणि २० मिळून ४८ भोके, शिवाय कपॅसिटर-रेझिस्टरची वेगळीच. प्रत्येक भोकाच्या आतून तांब्याची नळी वरच्या बाजूला खालच्या बाजूशी जोडते. ती नळी ओढली गेली किंवा पॅड उचकटला की संगणक गेला. ४७ भोके उत्तम साफ केली आणि एक बिघडवले, तर पदरी काय पडते? मेलेली डबी.

इथेच पंचवीस वॅटच्या काटकसरीचे पितळ उघडे पडते. साध्या आयर्नला तापमानाचे भान नसते. तो स्टँडवर नुसता पडलेला असतो तेव्हा बिट तापतच जाते. ती नाजूक पॅडला टेकली की पॅडखालचा चिकट थर जाळते. तीच बिट अर्थच्या भोकाला टेकली की तिथला तांब्याचा रुंद पट्टा सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि बिट गार पडते. सोल्डर अर्धवट वितळते, माणूस जोर लावतो आणि पॅड निघून येतो. म्हणजे एकच हत्यार एका भोकाला जाळते आणि दुसऱ्या भोकाला गोठवते. यात हाताची कसली परीक्षा? हा सरळसरळ उष्णतेचा हिशेब आहे, आणि तो मेमो देऊन बदलत नाही.

मग हवे काय? तापमान राखणारे सोल्डरिंग स्टेशन हवे. पन्नास-साठ वॅटचे, ज्याच्या बिटेजवळ तापमान मोजणारा सेन्सर असतो. बिट गार पडू लागली की ते वीज वाढवते, तापू लागली की कमी करते. जास्त वॅट म्हणजे जास्त जाळणे, हा समज साफ चुकीचा आहे. वॅट म्हणजे गमावलेली उष्णता भरून काढण्याची ताकद. जुन्या शिसे-कथलाच्या सोल्डरला, म्हणजे ६३/३७ ला, वितळायला १८३ अंश लागतात, आणि ३२० ते ३५० अंशांवर ठेवलेली बिट दोन-तीन सेकंदांत काम उरकते. २००६ नंतर युरोपच्या नियमांमुळे पसरलेले बिनशिशाचे सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळते, म्हणून तिथे हत्यार आणखी दमदार लागते. बिट सुईसारखी अणकुचीदार नको. दोन मिलिमीटरच्या आसपासची, छिन्नीसारखी चपटी हवी, कारण टेकणारी जागा जितकी जास्त तितकी उष्णता लवकर पोचते. आणि बिटेला कानस कधीही लावू नका. तिच्यावरचा लोखंडाचा मुलामा गेला की आतले तांबे सोल्डर खाऊन टाकते.

सोल्डर काढण्याची हत्यारे तीन प्रकारची. पहिला स्प्रिंगचा सकर. स्वस्त आहे, टाकाऊ नाही, पण त्याच्या तोंडाला सिलिकॉनच्या नळीचा छोटा तुकडा लावा, म्हणजे तोंड भोकावर घट्ट बसते आणि झटका पॅडला बसत नाही. दुसरी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी, जिला आपण विक म्हणतो. तिच्यावर फ्लक्स लावल्याशिवाय ती सोल्डर पीत नाही, आणि ती पाटीवर घासली की पॅड खरवडला जातो, म्हणून ती टेकवायची आणि उचलायची. तिसरी पंपाची डीसोल्डरिंग गन. तिची बिट पोकळ असते, आणि सोल्डर वितळताच त्याच बिटेतून ते ओढले जाते. अमेरिकेतल्या त्या होंडावाल्यांमध्ये जपानी हाक्को ८०८ या गनेला मोठा मान होता, आणि तो योग्यच होता. एक हात वितळवतोय, दुसरा हात सकर शोधतोय, तोवर सोल्डर पुन्हा गोठले, ही रडकथा तिथे संपते.

हाती कोणतेही हत्यार असो, एक गोष्ट नवशिक्याला उलटी वाटते आणि ती करायलाच हवी. काढण्याआधी थोडे नवे सोल्डर घाला. जुने सोल्डर काळवंडलेले असते, नव्यातल्या फ्लक्सने ते मोकळे होते आणि एका दमात निघते. पाटीवर लाखेसारखा संरक्षक थर असला तर तो आधी खरवडून घ्या. आणि भांडीवाल्याचा आम्लाचा फ्लक्स इथे अजिबात नको. तो तांबे कुरतडत राहतो.

आता दुसऱ्या टोकाच्या शहाण्यांकडे वळू. हे सांगतात, "गरम हवेचे मशीन, महागडी गन, सूक्ष्मदर्शक हे सगळे असल्याशिवाय हात लावू नका, कार्ड आमच्याकडे पाठवा." ही कंत्राटदाराची भाषा आहे. तिचा हेतू कामगाराला हत्यार मिळावे हा नसतो, बेंचच बंद व्हावा हा असतो. त्यांच्या बोलण्यात एक अंश खरा आहे आणि तो मी मान्य करतो : २००० सालाच्या सुमारास आलेल्या बॉशच्या एमई७ संगणकात ४४ पायांची मेमरी पाटीच्या पृष्ठभागावरच चिकटवलेली असते, तिथे भोके नाहीत, आणि तिथे गरम हवा किंवा कमी तापमानाला वितळणारी बिस्मथची मिश्रधातू लागते. त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत तर प्रोग्राम तारेतून भरतात, आयर्न लागतच नाही. पण म्हणून भोकांच्या पाटीवर गरम हवा सोडायची? त्याने शेजारचे प्लॅस्टिक वितळते आणि पाटी फुगते. ज्या कामाला जे लागते ते घ्या. जे लागत नाही ते नसल्याचे निमित्त करून काम बाहेर पाठवू नका.

कोणी म्हणेल, गाडीचा संगणक बदलणे हे बरे काम आहे का? रस्त्यावर धूर ओकण्यासाठी प्रोग्राम बदलणाऱ्याचे मी समर्थन करत नाही. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मन मानेल तसे फेरफार करायला मनाई आहे, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू आहे. ती फुप्फुसे आपल्याच मुलांची आहेत. माझा मुद्दा हातकौशल्याचा आहे. घरच्या टेबलावर बसून एक विद्यार्थी ४८ भोके साफ करू शकतो, कारण त्याने आपले हत्यार स्वतः निवडलेले असते. आणि आमच्या तंत्रज्ञाला जमत नाही म्हणतात, कारण त्याचे हत्यार निविदेने निवडलेले असते.

रेल्वेतल्या साथींना हे परके वाटू नये. १९९३ च्या एबीबी करारानंतर आलेल्या थ्री-फेज इंजिनांचा कारभार इलेक्ट्रॉनिक कार्डांवर चालतो. टपालातल्या जुन्या साथींना तर सोल्डरचा वास ओळखीचा आहे. १९८५ साली डाक आणि दूरसंचार वेगळे झाले, २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, पण त्या खात्यांच्या मेकॅनिकांनी सोल्डर लावून देशाचे संदेश चालू ठेवले होते. आज त्यांच्याच पोरांना 'कार्ड बदला, दुरुस्ती नको' असे शिकवले जाते. दुरुस्ती विसरलेला कामगार हा फक्त डबा बदलणारा हमाल ठरतो, आणि डबा बदलायला कंत्राटी माणूस स्वस्तात मिळतो. हा धोका ओळखा.

अंगाचीही काळजी घ्या. सोल्डर करताना निघणारा धूर शिशाचा नसतो. त्या तापमानाला शिसे वाफ होत नाही. तो धूर राळेच्या फ्लक्सचा असतो, आणि राळेच्या धुराने दमा जडतो हे वैद्यकाला चांगले माहीत आहे. शिसे पोटात जाते ते हातातून, तंबाखू मळताना आणि बेंचवरच डबा उघडताना. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या नोंदवण्यायोग्य रोगांच्या अनुसूचीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. म्हणून धूर ओढून घेणारा पंखा आणि हात धुवायला साबण-पाणी ही हत्यारांच्या यादीतलीच वस्तू समजा. तसेच तीन पिनांचा प्लग, खरोखर जोडलेली अर्थ आणि एक मेगओहमचा रेझिस्टर असलेला मनगटाचा पट्टा. अंगावरच्या स्थिर विजेने चिप मरते आणि तिचा डाग दिसतही नाही. मेमो मात्र दिसतो.

आपली मागणी साधी आहे. खरेदीच्या आधी नमुन्याचे हत्यार बेंचवर आणा. भंगारातली एक पाटी घ्या, आणि जो ते वापरणार आहे त्यानेच तिच्यावरची २८ पायांची आयसी काढून दाखवावी. सगळी भोके आरपार दिसली आणि एकही पॅड हलला नाही तर हत्यार पास, नाहीतर ते कितीही स्वस्त असो, नापास. त्या चाचणीच्या कागदावर कामगाराची सही असावी. पुढे कार्ड बिघडले, तर आधी तो कागद उघडावा आणि मग मेमो टाइप करावा.

ज्या तरुण साथीचा पॅड उचकटला होता, तो आज आमच्या बेंचवरचा सगळ्यात सफाईदार हात आहे. त्याचा हात तेव्हाही चांगलाच होता. पुढे त्याला तापमान राखणारे स्टेशन मिळाले, एवढाच फरक पडला. तेही भांडून.

साथींनो, आपापल्या शाखेच्या पुढच्या सभेत बेंचवरचा आयर्न सोबत घेऊन या आणि टेबलावर ठेवा. हत्यार कोणी निवडायचे, या प्रश्नाची चर्चा तिथून सुरू होऊ द्या.