धातू कोणता, यापेक्षा तार किती लांब

एमआरआयच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न हमखास असतो : शरीरात धातूची एखादी वस्तू बसवली आहे का? पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. 'होय'वर खूण झाली की टेक्निशियन बायोमेडिकल विभागाला फोन लावतो आणि आपल्यापैकी बरेच जण इकडून एवढेच विचारतात, "टायटॅनियम आहे ना? मग घ्या." बहुतेक वेळा त्यातून काही बिघडत नाही. म्हणूनच हे उत्तर इतकी वर्षे टिकून आहे.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक दगावला. त्यानंतर दारांवर पाट्या लागल्या, मेटल डिटेक्टर आले, "मशीन बंद असले तरी चुंबक चालूच असतो" हे वॉर्डबॉयपर्यंत पोचले. चांगलेच झाले. पण त्या दुर्घटनेने आपल्या सगळ्यांच्या मनात चुंबकाची भीती म्हणजे ओढीची भीती, असे समीकरणही पक्के केले. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. लोखंड खेचले जाणारच, आणि तेही बोअरच्या तोंडाशी सर्वाधिक, कारण क्षेत्र तिथे झपाट्याने बदलते. मध्यभागी ओढ कमी होते, पण वस्तूला क्षेत्राच्या दिशेने फिरवणारे बल तिथे सगळ्यात जास्त असते.

या ओढीचा बंदोबस्त पदार्थविज्ञानाने केव्हाच केला आहे. टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोम, ३१६एल जातीचे पोलाद, यांतले काहीच चुंबकाला दाद देत नाही म्हटले तरी चालेल. इथे 'धातू कोणता' हाच प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याचे उत्तर खरे असायला हवे. १९९३ मध्ये 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात मेंदूतल्या अ‍ॅन्युरिझम क्लिपमुळे एमआरआयच्या वेळी झालेल्या मृत्यूची हकिकत प्रसिद्ध झाली. नोंदीत एका प्रकारची क्लिप होती, डोक्यात निघाली दुसरीच.

घोळ सुरू होतो तो रेडिओ लहरींपाशी. १.५ टेस्लाचे मशीन साधारण ६४ मेगाहर्ट्झवर लहरी सोडते, ३ टेस्लाचे १२८ वर. ६४ मेगाहर्ट्झची लहर हवेत पावणेपाच मीटर लांब असते. शरीरात पाण्याचे प्रमाण भरपूर, त्यामुळे तिथे ती आखडून अर्ध्या मीटरच्या आसपास येते. म्हणजे अर्धी लहर सुमारे २६ सेंटिमीटर. ३ टेस्लाला हाच आकडा निम्म्यावर, १३ सेंटिमीटरवर येतो. आता पेसमेकरची लीड, मेंदूतल्या स्टिम्युलेटरची तार, मांडीतला इंटरलॉकिंग नेल, यांच्या लांब्या डोळ्यांसमोर आणा. सगळ्या याच पट्ट्यात बसतात. अशी तार अँटेनासारखी वागते. गोळा झालेली ऊर्जा तिच्या उघड्या टोकाशी, काही घन मिलिमीटर ऊतीत उतरते. टायटॅनियम, प्लॅटिनम की आणखी काही, याला इथे फारसे महत्त्व नाही. तार वाहक आहे, एवढे पुरते. इन्सुलेशन असले, वेटोळे असले, तार कातडीखालच्या खिशात गुंडाळून ठेवली असली तर अनुनादाची लांबी सरकते, आणि म्हणूनच नुसत्या अंदाजाने काही ठरवता येत नाही.

पार्किन्सनच्या एका रुग्णाची २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली नोंद प्रत्येक एमआरआय विभागात वाचली जावी अशी आहे. मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले होते. तपासणी मात्र कमरेच्या मणक्याची होती आणि मशीनही १ टेस्लाचेच. रेडिओ लहरी सोडण्यासाठी मशीनमधली मोठी बॉडी कॉइल वापरली गेली. रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोडच्या टोकाजवळ रक्तस्राव झाला आणि शरीराची एक बाजू लुळी पडली. तपासणी कमरेची होती हे खरे, पण तारेचा बराचसा भाग लहरींच्या टापूत होता. "डोके तर बाहेरच आहे" हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो!

इथे एक जण हमखास म्हणतो, एसएआर मर्यादेत होता ना? स्क्रीनवरचा एसएआर हा शरीर किलोमागे किती रेडिओ ऊर्जा शोषते याचा शरीरभरचा सरासरी आकडा आहे. नेहमीच्या वापरात त्याची मर्यादा किलोमागे २ वॅट. तारेच्या टोकाशी काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो. (तार शरीरातच असावी लागते असेही नाही. ईसीजीची केबल वळसा घालून छातीवर पडली, किंवा दोन मांड्या एकमेकींना चिकटल्या, तरी वेटोळे पूर्ण होते आणि कातडी भाजते. मध्ये एक पॅड ठेवायला मिनिटही लागत नाही.)

हा प्रश्न सोडवण्याचा रस्ता पेसमेकरने दाखवला. अमेरिकेत एमआरआयसाठी सशर्त मान्यता मिळालेला पहिला पेसमेकर फेब्रुवारी २०११ मध्ये आला, मेडट्रॉनिकचा रेव्हो. त्याच्या डब्यात, म्हणजे जनरेटरमध्ये, चुंबकाने चालू-बंद होणारा रीड स्विच काढून हॉल सेन्सर बसवला होता, कारण मोठ्या चुंबकात रीड स्विच कधी कसा वागेल याचा भरवसा नव्हता. पण खरी करामत लीडमध्ये आहे. आतल्या वाहकाचे वेटोळे पूर्वी चार पदरी असे, ते दोन पदरी केले. पदर कमी झाले की तेवढ्याच लांबीत वेढे वाढतात, इंडक्टन्स वाढतो आणि ६४ मेगाहर्ट्झच्या प्रवाहाला वाट अवघड होते. पेसिंगचा मंद स्पंद मात्र विनासायास जातो. कोणताही नवा मिश्रधातू शोधलेला नाही. तार वेगळी गुंडाळली, बस्स. अभियांत्रिकीच्या वर्गात इंडक्टन्स शिकवताना हे उदाहरण का देत नाहीत, हे मला न सुटलेले कोडे आहे.

याचाच दुसरा अर्थ असा की 'एमआर कंडिशनल' ही मान्यता डब्याला नसते, डबा आणि लीड या जोडीला असते. एका कंपनीचा जनरेटर आणि दुसऱ्या कंपनीची जुनी लीड, अशी जोडी काटकसरीपायी आपल्याकडे सर्रास होते. तिला ती मान्यता लागू नाही. जनरेटर काढून लीड आतच सोडली असेल तर तिलाही नाही. '३ टेस्लाला पास, मग १.५ ला पासच' हेही चूक. २५ सेंटिमीटरच्या आसपासची एखादी तार १.५ लाच जास्त तापू शकते.

एवढे वाचून कोणी प्रत्येक रुग्णाला नकार द्यायला लागेल, तर तो अर्धाच भाग घेईल. नकाराचीही किंमत असते, फक्त ती आपल्या रजिस्टरमध्ये लिहिली जात नाही. कॉरोनरी स्टेंट बसवल्यावर सहा-आठ आठवडे थांबा, असे अजून सांगितले जाते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्येच बहुतेक स्टेंटबाबत थांबण्याची गरज नसल्याचे म्हटले होते. कृत्रिम झडपांवर चुंबकाची जी ओढ पडते, ती धडधडणाऱ्या हृदयाच्या बळापुढे नगण्य असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅग्नासेफ अभ्यासात सशर्त मान्यताही नसलेल्या पेसमेकरच्या १००० आणि डिफिब्रिलेटरच्या ५०० तपासण्या १.५ टेस्लावर, छाती वगळून, ठरलेल्या पद्धतीने केल्या. तपासणीदरम्यान एकही मृत्यू झाला नाही, एकही लीड निकामी झाली नाही. यातला 'ठरलेल्या पद्धतीने' हा भाग महत्त्वाचा. आधी डिव्हाइस तपासून प्रोग्रॅम करणारा माणूस हजर असतो, तपासणीनंतर तेच पुन्हा केले जाते. तो माणूस उपलब्ध नाही म्हणून नकार दिला, तर कारण तेच लिहावे. धातूचे नाव पुढे करू नये.

आपले वाचक इम्प्लांट बनवणाऱ्या कारखान्यांतही आहेत. त्यांच्यासाठी एकच गोष्ट. तापण्याच्या चाचणीला, म्हणजे एएसटीएम एफ२१८२ ला, नमुना पाठवताना सगळ्यात मोठी साइज पाठवायची हा रिवाज सोडा. ओढीच्या चाचणीत मोठी साइज हीच वाईटातली वाईट असू शकते. तापण्यात तसे नसते, अनुनादाच्या जवळची मधली साइज जास्त तापते. आधी संगणकावर सर्व लांब्या चालवून बघा, मग ठरवा कोणती चाचणीच्या जेलमध्ये ठेवायची. आणि लेबलवर नुसते 'एमआरआय सेफ' छापू नका. २००५ पासून प्रमाणित शब्दयोजनेत 'सेफ' हा शब्द फक्त ज्यात कोणताही धोका नाही अशा, धातू नसलेल्या वस्तूंपुरता राखला आहे. प्लेट, स्क्रू, नेल यांना 'कंडिशनल'च, आणि अटी सोबत : किती टेस्ला, किती एसएआर, किती मिनिटे.

राहिला रुग्णालयांचा भाग. इम्प्लांटच्या खोक्यात स्टिकर येतात. एक केसपेपरवर चिकटतो, एक बिलावर. रुग्णाच्या हातात पडतो तो "रॉड टाकला" एवढा निरोप, आणि पाच-सहा वर्षांनी दुसऱ्याच गावातला टेक्निशियन त्याच निरोपावर फोन लावतो. तिसरा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावायचा, हा निर्णय घ्यायला ओटीची सिस्टर आणि बायोमेडिकल इंजिनिअर दोघे पुरेत, त्यासाठी समिती नको. लीड असेल तर कार्डावर मॉडेल आणि लांबी हातानेच लिहा. जुनी लीड आत राहिली असेल तर तेही. या अंकाच्या मधल्या पानावर अशा कार्डाचा नमुना छापला आहे. झेरॉक्स काढून वापरा, आमची परवानगी विचारत बसू नका.