आम्ही तुमची केस नव्हे



मी सूतगिरणीत रात्रपाळी मारणारा, नववी नापास. तरी बोलतो.

आमच्या वस्तीत एमएसडब्ल्यूची पोरं फील्डवर्कला येतात. पाणी किती वाजता येतं, बाप पितो काय, कर्ज किती, सगळं फॉर्मात. जात विचारताना तेवढा आवाज बारीक होतो. वर्ष सरलं की पोरं गेली, फाईल गेली. गटार तिथंच. (त्या फाईलीत माझी आई म्हणजे नुसता नंबर.)

समाजकार्याचं टाटा स्कूल मुंबईत निघालं १९३६ साली. बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची. माणगावची परिषद १९२० ची. आमच्या कोल्हापुरातलं मिस क्लार्क बोर्डिंग तर १९०८ चं. ह्यांना केसवर्क कोणी शिकवलं? बाबासाहेबांकडं पदव्या ढीगभर, पण अर्थशास्त्राच्या, कायद्याच्या. महाडला १९२७ साली त्यांनी फॉर्म भरून घेतले नाहीत, तळ्यावर नेलं.

म्हणून शिकू नका म्हणत नाही. माझा धाकटा भाऊ त्याच कोर्सला हाय, फी माझ्या ओव्हरटाइमची. परवा सरावासाठी आईला विचारतो, "आपली प्रमुख समस्या कोणती?"

आई भाकरी थापत म्हणाली, "तूच की रं आता."

मी त्याला सांगितलंय, आधी गटाराचा अर्ज लिही, घरोघर सह्या घे, नेऊन दे. मग तुझी फील्डवर्कची डायरी भर.