निवृत्त नावांचा प्रश्न

भिलाईतील कोहका या वस्तीत एखादे नोंदणीकृत दुकान असेल, तर त्याच्या वस्तु व सेवाकर क्रमांकाचा आरंभ २२ या अंकांनी होतो. नागपुरातील दुकानाचा २७ ने. पहिला अंक छत्तीसगडचा, दुसरा महाराष्ट्राचा. या दोहोंची बेरीज ४९ येते हे अंकगणित निर्दोष आहे. परंतु त्यामुळे ४९ नावाचे राज्य काही अस्तित्वात येत नाही. तात्पर्य, हे दिसावयास अंक असले तरी वस्तुतः नावे आहेत.

नावांचा असा मर्यादित संच संगणकास सांगण्याची जी रीत, तिला परिगणित प्रकार अथवा व्यवहारात ‘एनम’ म्हणतात. निक्लाउस विर्थ यांनी १९७० साली पास्कल भाषेत तिला मानाचे स्थान दिले. १९९१ साली प्रथम प्रसृत झालेल्या पायथन भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात मात्र ती २०१४ मध्ये, ३.४ या आवृत्तीत आली. बॅरी वॉर्सॉ, एली बेंडरस्की व ईथन फरमन यांच्या प्रस्तावाचे ते फळ होय. या साध्या एनममध्ये छत्तीसगड व महाराष्ट्र यांची बेरीज करू जाता यंत्र ती नाकारते. जुन्या कार्यक्रमांच्या सोयीसाठी ठेवलेला ‘इन्टएनम’ हा भाऊबंद मात्र निमूटपणे ४९ असे उत्तर देतो. सोय म्हणून ते ठीक. नव्या कामात त्याचा आश्रय न घेणेच बरे.

खरी अडचण बेरजेची नाही, काळाची आहे. परिगणित संच एकदा रचला की तो स्थिर आहे असे भाषा गृहीत धरते. प्रत्यक्षातील संच स्थिर राहत नाहीत. ‘मध्य प्रदेश’ हेच नाव पाहा. १९५० साली त्या राज्याची राजधानी नागपूर होती व विदर्भ त्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ निघाला, राजधानी भोपाळला गेली. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली ती या दुसऱ्या मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि तिसरा मध्य प्रदेश उरला. नाव एक, वस्तू तीन. १९५९ साली कोहक्यात जन्मलेल्या मनुष्याच्या दाखल्यावर मध्य प्रदेश असेल व आजच्या पत्त्यात छत्तीसगड. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत.

पायथनपाशी यावर एक उपाय आहे, तो म्हणजे उपनाम. एकाच मूल्यास दोन नावे दिली असता दुसरे नाव पहिल्याचे उपनाम ठरते व यादी वाचताना ते वगळले जाते. उत्तरांचलचे १ जानेवारी २००७ पासून उत्तराखंड झाले. भूमी तीच, जनगणनेतील अंकही ०५ हाच. येथे उपनाम चपखल बसते. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत तर एका सदस्यास अनेक मूल्ये जोडण्याचीही सोय झाली.

परंतु ही सोय मोहात पाडणारी आहे. २०११ च्या जनगणनेत आंध्र प्रदेशाचा अंक २८ होता. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले. पुढे करव्यवस्थेत तेलंगणास ३६ व उर्वरित आंध्रास ३७ हे अंक मिळाले. आता २८ हे ३७ चेच दुसरे मूल्य मानावे, असे घाईतील माणसास सुचेल. तसे केले की २०११ मधील हैदराबादची नोंद आजच्या आंध्रात जाऊन पडते, आणि यंत्र तक्रारीचा एक शब्दही काढत नाही. उलट, २८ हा सदस्य काढून टाकला तर ती नोंद वाचताच येत नाही.

येथे हवी आहे ती ‘निवृत्त’ अशी अवस्था, आणि प्रमाण ग्रंथालयात तीच नाही. जावामध्ये एनमच्या एकेका सदस्यावर ‘हा आता वापरू नये’ अशी खूण करता येते, रस्टमध्येही येते. पायथनने ३.१३ मध्ये अशी खूण दिली, पण ती वर्ग व कार्ये यांच्यासाठी. एनमचे सदस्य तीतून सुटले. ज्याने त्याने आपापली तजवीज करावी, असा आक्षेप यावर येईल. ती करता येते हे खरे. पण दहा कार्यालयांत दहा तऱ्हा झाल्या की एकाची नोंद दुसऱ्यास कळेनाशी होते. याच टाळण्यासाठी तर प्रमाण ग्रंथालय असते.

सुधारणा करताना जे चालू आहे ते मोडू नये, हेही पाहिले पाहिजे. २०२२ च्या ३.११ आवृत्तीत इन्टएनमचे सदस्य मजकुरात उतरताना नावाऐवजी अंक दिसू लागले. बदल सयुक्तिक असला तरी ज्यांच्या नोंदवह्या नावांवर विसंबून होत्या त्यांना तो जाचक ठरला. निवृत्तीच्या खुणेने असे काही होण्याचे कारण नाही. जुना अंक मूल्यावरून शोधला असता सदस्य मुकाट्याने मिळावा. कार्यक्रमात त्याचे नाव नव्याने लिहिल्यास इशारा मिळावा. आणि अर्जावरील निवडीची यादी तयार होताना, उपनामे आज जशी वगळली जातात, तसा तोही वगळला जावा. मूल्यावरून शोधणारा जुनी नोंद वाचत आहे की नवी भरत आहे, हे यंत्रास नेहमी कळणार नाही. ही उणीव राहील; तिच्यासाठी नोंदीच्या तारखेचा आधार घ्यावा लागेल, आणि ते काम एनमचे नव्हे.