मुलाच्या खेळासाठी पाच स्पीकर घ्यावेत का?

डोंबिवली पूर्वेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा अकरावीत. दहावीला मनासारखे गुण पडले म्हणून त्याला काँप्युटर घेऊन दिला. आता त्याचे टुमणे सुरू झाले आहे की 'सराउंड साऊंड'चे स्पीकर हवेत. त्यांच्याशिवाय मागून येणारा शत्रू ऐकूच येत नाही आणि आपण फुकट मरतो. (खेळात, बरं का!) घर म्हणजे हॉल, एक बेडरूम आणि स्वयंपाकघर. काँप्युटर हॉलमध्ये, आणि सासूबाई रात्री तिथेच झोपतात. "यांना बोनस मिळालाय आणि यांचा कल मुलाकडे आहे. मी नाही म्हटलं की घरात मी एकटी वाईट ठरते. खरंच त्याचा काही उपयोग असतो का, की नुसतं खूळ आहे, एवढं सांगा," असे त्या लिहितात.

प्रश्न दिसायला स्पीकरचा, पण त्यात बोनसचे पैसे आले, सासूबाईंची झोप आली आणि वाईटपणा कोणी घ्यायचा हेही आले. म्हणून जरा सविस्तरच लिहिते. एक आधीच सांगून टाकते, मुलगा खोटे बोलत नाही. 'काउंटर-स्ट्राइक', 'व्हॅलोरंट' असल्या नेमबाजीच्या खेळांत शत्रू दिसण्याआधी त्याच्या पावलांचा आवाज येतो. तो कुठून आला हे ज्याला कळले तो आधी वळतो आणि वाचतो. तेव्हा ऐकण्याला तिथे खरोखरच महत्त्व आहे. पण त्या ऐकण्यासाठी पाच स्पीकर लागतात का, हा वेगळा प्रश्न झाला.

दुकानात 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणून जो संच मिळतो त्यात पाच लहान स्पीकर आणि एक जाडजूड पेटी असते. एक स्पीकर समोर मधोमध, दोन समोर डावी-उजवीकडे आणि दोन आपल्या बाजूंना, जरा मागे. पेटीला सबवूफर म्हणतात. तिच्यातून फक्त खर्ज निघतो, म्हणजे स्फोट, गडगडाट, गाडीची घरघर. 'सेव्हन पॉइंट वन'मध्ये पाठीमागे आणखी दोन स्पीकर वाढतात. ही सगळी कल्पना सिनेमा थिएटरची. १९७५ साली 'शोले' ७० एमएमवर आला तेव्हा त्याचा आवाजही स्टिरिओफोनिक होता, आणि लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात ज्यांनी तो पाहिला त्या मावश्या-आत्या अजून त्या आवाजाबद्दल बोलतात. गंमत म्हणजे आज त्याच लॅमिंग्टन रोडवर आपल्या ठाण्या-कल्याणची मुले ग्रँट रोडला उतरून काँप्युटरचे सुटे भाग घ्यायला जातात.

मिनर्व्हा थिएटर होते, आपला हॉल दहा बाय पंधराचा आहे. आवाजाच्या जाणकारांनी स्पीकर कुठे ठेवायचे याचे माप ठरवून दिले आहे. समोरचे दोन आपल्या नाकाच्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर, बाजूचे दोन साधारण एकशे दहा अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या थोडे मागे. आणि सगळे बसणाऱ्यापासून सारख्याच अंतरावर. आता आपल्याकडे काँप्युटरचे टेबल असते कुठे? खिडकीजवळच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. उजवीकडे हातभर अंतरावर भिंत, डावीकडे सोफा, पाठीमागे दिवाण, आणि दिवाणापलीकडे स्वयंपाकघरात जायची वाट. मागचा स्पीकर ठेवायचा म्हटला तर तो सासूबाईंच्या उशाशीच येतो! शिवाय पाच स्पीकरांच्या पाच वायरी. रोज केर काढणारी आणि लादी पुसणारी कोण, ते मी सांगायला नको.

कल्याण पश्चिमेला माझ्या नणंदेकडे असा संच आहे. भाच्याने हौसेने सगळे मांडले आहे, पण एक स्पीकर शोकेसवर, दुसरा पुस्तकांच्या कपाटावर, तिसरा फ्रीजवर. गेल्या सुट्टीत त्याच्याकडे बसून मी मुद्दाम पारख केली. मी डोळे मिटायचे, त्याने खेळ लावायचा आणि पाऊल जिकडून वाजेल तिकडे मी हात दाखवायचा. नणंद हसून हसून बेजार झाली, पण उत्तर मिळालं. स्पीकरांवर मागचे पाऊल मागूनच आले, अंगावर काटा यावा इतके खरे. नंतर त्याचाच साधा दोन कानांचा हेडफोन लावला. डावे-उजवे स्पीकरपेक्षाही नेमके कळले, पण पुढचे आणि मागचे दोन-तीनदा उलटसुलट झाले.

असे का होते तेही समजून घेऊ. आपल्याला कान दोनच आहेत. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी आणि मोठा ऐकू येतो. दोन्ही कानांतला हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश एवढाच, पण मेंदूला तो पुरतो. पुढचे की मागचे हे मात्र कानाच्या पाळीच्या घड्या आणि आपण सहज मान वळवतो ती हालचाल, यांवरून कळते. हेडफोन डोक्याबरोबरच वळतो, त्यामुळे मान वळवण्याचा उपयोग होत नाही. मग खेळ बनवणारे गणित करून त्या घड्यांचा परिणाम आवाजात मिसळतात. याला ते 'एचआरटीएफ' म्हणतात. 'व्हॅलोरंट'मध्ये २०२१ पासून ही सोय आहे, आणि विंडोजमध्ये 'विंडोज सोनिक' नावाची तशीच सोय २०१७ पासून फुकट मिळते. नुसती चालू करावी लागते. फक्त ते गणित सर्वसाधारण कानाचे असते. ते एकाला चपखल बसते, दुसऱ्याला नाही.

म्हणजे स्पीकर जिंकले असे वाटेल. मलाही क्षणभर वाटले. पण भाचा खेळायला बसला तेव्हा मी नीट पाहिले. तो मान वळवतच नाही! नजर सतत पडद्यावर, आणि वळायचे असले की माऊस वळवतो. माऊस वळला की खेळातला आवाजही डावीकडून उजवीकडे सरकतो, आणि त्या सरकण्यावरूनच त्याला पुढचे-मागचे उमगते. म्हणजे मान वळवण्याचे काम इथे माऊस करतो, आणि ते दोन कानांच्या हेडफोनवरही उत्तम होते. स्पर्धांत खेळणारे खेळाडू हेडफोन लावून बसलेले दिसतात ते काही उगीच नव्हे.

आणखी एक अडचण आहे. मुले एकटी खेळत नाहीत, चार मित्र आपापल्या घरून माइकवर बोलत असतात. स्पीकर चालू असले की गोळीबार माइकमधून परत मित्रांच्या कानात जातो, मग ओरडाआरडा सुरू होतो, "अरे स्पीकर बंद कर!" भाच्याकडे हेच होते. नणंद सांगते, मित्रांबरोबर खेळताना तो हेडफोनच लावतो, स्पीकरांवर फक्त रविवारी सिनेमा चालतो.

आता रात्रीचे. आपल्याकडचे पुरुष सकाळी सातच्या लोकलला लटकतात आणि रात्री साडेआठ-नऊला घरी टेकतात. मुलाचा क्लास संपून त्याला खेळायला सवड मिळते तीही त्याच सुमारास. म्हणजे ज्या वेळी घर झोपायला लागते त्याच वेळी सबवूफर जागा होणार. खर्जाचा स्वभावच वाईट. चाळीस हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे अठ्ठावीस फूट लांब असते, म्हणजे आपल्या हॉलच्या जवळजवळ दुप्पट. तिला पडदा, दार, विटांची भिंत यांचे फारसे काही वाटत नाही. स्लॅबमधून ती खालच्या मजल्यावर पोचते. वरच्यांना खेळ ऐकू येतो, खालच्यांना नुसते धम् धम्. कोपऱ्यात ठेवली की पेटी अधिकच घुमते.

आणि हा नुसता शेजारधर्माचा प्रश्न नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. खासगी ध्वनियंत्राचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर त्याहून पाचपेक्षा जास्त वाढता कामा नये. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली निकाल दिला, तो उत्सवांतल्या ध्वनिवर्धकांमुळे गाजला. आपण तेव्हा मंडपांवर बोट दाखवले. तेच नियम घरातल्या पेटीलाही आहेत, हे सोसायटीच्या सभेत कुणी काढण्याआधी आपल्याला ठाऊक असलेले बरे.

मग हेडफोन द्यावा आणि सुटावे? इतके सोपे नाही. हेडफोनने घर शांत होते, पण आवाज सगळा मुलाच्या कानात जातो आणि तो किती मोठा आहे ते आपल्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे माप असे आहे : ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास चालेल, पण ९० डेसिबल केवळ चार तास. मुलांसाठी तर ८०ऐवजी ७५च धरायला सांगतात. दहा डेसिबल वाढले की चाळीसाचे चार होतात, हे मी मुलाला गणितासारखे समजावून सांगेन. अकरावीतल्या मुलाला लॉगॅरिथम कळतो, तो हे नाकारणार नाही. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथे मधल्या सुट्टीनंतर हल्ली एखाद्या मुलाला दोनदा हाक मारावी लागते, तेव्हा हाच विचार मनात येतो. घरगुती खूण अशी : तो हेडफोन लावून बसला असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ऐकू आली तर ठीक, नाही तर आवाज कमी. आवाजाचे बटण एकदा निम्म्याच्या आसपास आणून तिथेच ठेवायची सवय लावा.

खरेदीतल्या खाचाखोचा आता भराभर सांगते. बाजारात चार-पाच हजारांपासून 'फाइव्ह पॉइंट वन' संच दिसतात. त्यातल्या कित्येकांना मागे आत येणाऱ्या वायरी दोनच असतात, किंवा नुसते ब्लूटूथ. असा संच दोन स्पीकरांचाच आवाज पाचांतून वाजवतो. मागचे पाऊल मागून येणारच नाही. ब्लूटूथवर तर साधारणपणे दोनच आवाज जातात, आणि तेही किंचित उशिरा. खेळात ते चालत नाही. खरा संच असेल तर काँप्युटरच्या मागे हिरवी, काळी आणि नारिंगी अशा तीन भोकांत तीन पिना जातात. स्वस्त काँप्युटरला काळे-नारिंगी नसते, तिथे निळे आणि गुलाबी भोक त्या कामाला लावावे लागते आणि माइक पुढच्या बाजूला जोडावा लागतो. लॅपटॉपला तर बहुधा एकच भोक असते. तेव्हा आधी घरी टेबल पुढे ओढून भोके मोजा. 'सेव्हन पॉइंट वन' लिहिलेल्या हेडफोनलाही भुलू नका. बहुतेकांत आत दोनच स्पीकर असतात, बाकीचे गणित. आणि ते गणित विंडोज फुकटात करते हे वर आलेच.

तर माझे मत स्पष्ट आहे. ज्यांची खोली वेगळी, टेबल भिंतीपासून चार फूट पुढे घेता येते, घरात मिळून सिनेमे पाहायची हौस आहे आणि खालचा मजला रिकामा किंवा दुकानाचा आहे, त्यांनी पाच स्पीकर जरूर घ्यावेत. मोटारींच्या शर्यतीचे किंवा गोष्टीचे खेळ त्यावर फार बहारीचे वाटतात. पुण्याच्या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला, त्यात एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत निघते. असले खेळ मोठ्या आवाजात सगळ्यांनी मिळून पाहावेत. पण डोंबिवलीच्या आपल्या भगिनीच्या हॉलमध्ये मी पाच स्पीकर आणणार नाही.

त्यांनी मुलाला नुसते नाही म्हणू नये. वायरीचा, माइक असलेला, कानाभोवती मऊ बसणारा चांगला हेडफोन दीड ते तीन हजारांत येतो. तो मुलाला स्वतः कानाला लावून निवडू द्या, उन्हाळ्यात कान घामेजतात तेव्हा कापडी गादीचा बघा. दिवसासाठी दोन साधे, बऱ्यापैकी स्पीकर. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर, त्यांच्यातले अंतर जेवढे तेवढेच त्याच्यापासूनचे. बोनसचा मोठा भाग तरीही शिल्लक राहील. आणि घेण्यापूर्वी मी केली तशी डोळे मिटायची परीक्षा घरात घ्या, मित्राचा हेडफोन एक दिवस उसना आणून. हात दाखवायला वडिलांना बसवा. मुलाला जे पटायचे ते तिथेच पटेल, आणि नाही म्हणायची पाळी तुमच्यावर येणार नाही. रात्री साडेनऊनंतर स्पीकरचा स्विच बंद, हेडफोन चालू, एवढा एक नियम त्याच दिवशी आजींच्या समोर ठरवून घ्या. दुकानातून बिल आणि हमीपत्र मागून घ्या, आणि स्पीकरची जाळी ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने झटका.