ताळेबंदाची दुसरी बाजू

करोनाच्या साथीत मुलांना काय शिकविले, याचा हिशेब सरकारी शाळांनी द्यावा, ही मागणी लोकशाहीला धरूनच आहे. परंतु ताळेबंदाला दोन बाजू असतात. शाळेने काय केले हे विचारणारा कायदा शाळेला काय दिले हेही विचारतो काय?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील विधिमंडळाने जून २०२० मध्ये कायदा करून अध्यापनाची रोजची किमान मिनिटे ठरवून दिली: बालवर्गाला १८०, पहिली ते तिसरीला २३०, चौथीपासून पुढे २४०. प्रत्येक मुलाच्या सहभागाची रोज नोंद ठेवायची, जाहीर सुनावणी घेऊन ३० सप्टेंबरपर्यंत शिक्षणाची योजना मंजूर करायची, आणि मुलांजवळ संगणक व इंटरनेट आहे याची खात्रीही शाळांनीच करायची. घरी दिलेल्या अभ्यासाला किती वेळ लागेल, हा शिक्षकाचा अंदाजही मिनिटांत धरला जाई. म्हणजे मूल शिकले की नाही हे न कळताही कागद पुरा होऊ शकत होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये ओकलंड व लॉस एंजेलिस येथील पालकांनी खुद्द राज्याविरुद्धच दावा लावला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तडजोड झाली आणि मागे पडलेल्या मुलांसाठी किमान दोन अब्ज डॉलर राखून ठेवण्याचे राज्याला मान्य करावे लागले. शाळांचा हिशेब विधिमंडळाने मागितला. राज्याचा हिशेब मागण्यासाठी गरिबांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आपल्याकडे तर एकही बाजू लिहिली गेली नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापनाची हमी देतो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला शासनाच्या आदेशाने डिसेंबर २०२१ उजाडला. बुडालेल्या तासांचा जाब कोणत्याही कायद्याने मागितला नाही. नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात २४ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी कोणतेही डिजिटल साधन नव्हते. दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले, हे देशाला सांगितले ते ‘असर’ने, म्हणजे एका स्वयंसेवी संस्थेच्या पाहणीने.

काही शिक्षकांनी कामचुकारपणा केला, हे मान्य करू. पण त्याच शिक्षकांना साथीच्या सर्वेक्षणाला जुंपले कोणी? ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही कामावर गेलेल्या बापाच्या खिशात, त्या घरातील मुलीची गैरहजेरी शिक्षकाच्या नावावर मांडणे हा हिशेब नव्हे. ती जबाबदारीची ढकलाढकल आहे.

म्हणून आपल्यालाही कायदा हवा; पण दोन्ही रकान्यांचा. शाळेने किती मुलांना, किती दिवस, कोणत्या साधनाने शिकविले, हे एका बाजूला. शासनाने किती साधने दिली, शिक्षकांचे किती दिवस अन्य कामाला लावले, भरपाईसाठी किती रक्कम खर्च केली, हे दुसऱ्या बाजूला. तो होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे शिक्षणहक्क कायदाच सांगतो. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या समितीत जाऊन हे दोन्ही रकाने मांडावेत. त्या वर्षी पहिलीत नाव घातलेली मुले आज माध्यमिक शाळेच्या दारात उभी आहेत. त्यांचे देणे अद्याप कोणाच्याच खात्यावर मांडलेले नाही.