कुलूप विद्यार्थ्याचे, जबाबदारी कोणाची?

पुणे-सोलापूर महामार्गावरील पाटस येथून बारामतीचा रस्ता फुटतो. पुणे-दौंड लोहमार्गावर गावाचे स्थानकही आहे. त्यामुळे दौंड तालुक्यातील या पट्ट्यातून शिक्षणासाठी पुणे किंवा बारामती गाठणे अवघड नाही. काही मुले रोज ये-जा करतात. ज्यांना ते झेपत नाही, ती वसतिगृहात किंवा खासगी खोलीत तिघा-चौघांत राहतात. प्रवेशाच्या दिवसांत मुलाला सोडायला आलेले पालक खानावळ कशी आहे, पाणी किती वेळ येते, हे आवर्जून विचारतात. कपाटाला कुलूप लागते का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. त्या काळच्या विद्यार्थ्याची मालमत्ता म्हणजे एक वळकटी आणि पत्र्याची पेटी. आज त्याच विद्यार्थ्याच्या उशाशी लॅपटॉप आणि मोबाइल असतो. उसाचे बिल आल्यावर किंवा कर्ज काढून घेतलेली ही यंत्रे शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने चैनीची वस्तू नव्हेत. लॅपटॉप गेला की प्रकल्प, टिपणे आणि पुष्कळदा ते वर्षही धोक्यात येते. वसतिगृहांची रचना मात्र अजून पेटीच्या काळातच रेंगाळली आहे. खोली एक, दार एक, आणि त्या एका कुलपाच्या किल्ल्या तीन किंवा चार. शेवटी बाहेर पडणाऱ्याने कुलूप लावायचे, हा नियम सर्वांना पाठ असतो. पण शेवटी कोण बाहेर पडणार हे कोणालाच ठाऊक नसते.

बहुतेक ठिकाणी प्रवेश अर्जावर किंवा फलकावर एक वाक्य असते: मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर ठेवाव्यात. या वाक्यामुळे व्यवस्थापन खरोखरच मोकळे होते काय? १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ‘निक्षेप’ ही संकल्पना आहे. एखादी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सोपविली, तर सामान्य शहाणा माणूस आपल्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी त्याने घेतली पाहिजे. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याच तत्त्वाचा आधार घेतला. पाहुण्याने मोटारीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली असेल, तर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ एवढे छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. वसतिगृहाची अडचण नेमकी येथेच आहे. खोलीतील लॅपटॉप अधीक्षकांच्या ताब्यात कधी दिलेलाच नसतो. त्यामुळे हे तत्त्व सरळ लागू करणे कठीण, आणि विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ एकटा पडतो. उलट सुटीत गावी जाताना तीच वस्तू कार्यालयात जमा करून पावती घेतली, तर चित्र पालटते. अशी पावती देण्याची पद्धत किती वसतिगृहांत आहे, हा प्रश्न पालकांनी विचारला पाहिजे.

जून-जुलैत तुकोबारायांची पालखी पाटसवरून रोटी घाटाकडे जाते, तेव्हा दिंडीचे सामान ट्रकवर असते आणि त्यावर लक्ष ठेवण्याचे काम कोणाकडे तरी सोपविलेले असते. अनोळखी माणसांच्या तात्पुरत्या मुक्कामाला जे सुचते, ते वर्षभर शुल्क घेणाऱ्या संस्थांना सुचू नये, याचे नवल वाटते. प्रत्येक खाटेमागे एक पक्के, भिंतीत बसविलेले कुलूपबंद कपाट ही फार मोठी मागणी नव्हे. सीसीटीव्हीचा खर्च मात्र उत्साहाने केला जातो. तो कॅमेरा जिन्यावर असतो आणि चोरी खोलीत होते.

चोरीनंतरचे दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. संशय पहिल्यांदा खोलीतल्या सोबत्यावर जातो, त्यातही जो गरीब किंवा ज्याची जात वेगळी, त्याच्यावर आधी. मग पाच-सहा मुले मिळून त्याची पेटी उघडतात. हा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. वस्तू सापडली नाही तरी ती मैत्री परत येत नाही, आणि खोली बदलून जातो तो बहुधा निर्दोष मुलगाच.

त्याऐवजी पोलिसांकडे जावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार राहत्या जागेतील चोरीला सात वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि वसतिगृहाची खोली ही राहती जागाच होय. तक्रार ‘गहाळ’ म्हणून नव्हे, तर ‘चोरी’ म्हणून लिहून घ्यावी. संस्थेच्या नावाला बट्टा लागेल म्हणून मिळणाऱ्या सबुरीच्या सल्ल्याला बळी पडू नये. त्यासाठी लॅपटॉपचा अनुक्रमांक, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक आणि खरेदीची पावती यांची नोंद घरी, गावाकडच्या वहीत असली पाहिजे. आयएमईआय *#०६# दाबल्यावर पडद्यावर येतो. तक्रारीची प्रत जोडून दूरसंचार विभागाच्या ‘सीईआयआर’ व्यवस्थेत तो मोबाइल बंद पाडता येतो. २०२३ पासून ही सोय देशभर आहे.

मोबाइलपेक्षाही त्यातील सिमकार्ड अधिक मोलाचे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. पडद्याला कुलूप असले तरी सिम काढून दुसऱ्या यंत्रात घातले की बँकेचे सांकेतिक क्रमांक चोराकडे येऊ लागतात. सिमला स्वतंत्र पिन लावण्याची सोय जुनीच आहे. ती वापरणारे थोडे. मोबाइल गेल्याचे कळताच आधी सिम बंद करावे, मग बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, ग्राहकाची चूक असली तरी त्याने बँकेला कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेच्या माथी टाकले होते. कळविल्याची वेळ लिहून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे.

राहता राहिली कागदपत्रे. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र ही खोलीत ठेवण्याची वस्तूच नव्हे. पडताळणी झाल्यावर मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्येच बजावले आहे. ती परत घेऊन पहिल्याच सुटीत गावी न्यावीत. दैनंदिन कामाला डिजिलॉकरमधील प्रत पुरते, आणि जात वैधतेसाठी पुन्हा समितीचे उंबरठे झिजविण्याची पाळी येत नाही.