उत्तरेच्या कुरणावर राबणाऱ्या हातांचे मोल

स्वीडनचा येम्तलांड आणि नॉर्वेचा ट्रॉम्स हे युरोपच्या उत्तर टोकाकडचे शेळ्यांचे मुलूख. गाव सोडून डोंगरातल्या कुरणावर जनावरांसह उन्हाळा काढायची तिथली रीत शेकडो वर्षांची आहे. त्या उन्हाळी मुक्कामाला नॉर्वेत सेटर म्हणतात, स्वीडनमध्ये फेबूद. यातल्या बऱ्याच जागी आजही विजेची तार पोचलेली नाही. दूध झऱ्याच्या पाण्यात गार होते, चीज चुलीवर शिजते आणि एखादे सोलर पॅनेल असलेच तर ते दिवे आणि फोनपुरते. हे सगळे एकाच कुटुंबाने ओढायचे असते. हात कमी पडतात, म्हणून जगभरच्या तरुणांना बोलावणे जाते: रोज चार-सहा तास मदत करा, जेवण आणि निवारा आमच्याकडे. पगार नाही. या व्यवस्थेला स्वयंसेवा म्हटले जाते आणि तिचे कौतुकही खूप होते. मला ती मुळातच चुकीची वाटते. महिना-दोन महिने जो सकाळ-संध्याकाळ शेळ्यांची धार काढतो तो मजूर आहे, त्याला मजुरी मिळाली पाहिजे. आठवडाभर राहून डोंगर पाहणारा पाहुणा आहे, त्याने पाहुण्यासारखे पैसे मोजून राहावे. या दोघांना एकाच नावाखाली आणले की शेळ्या, शेतकरी आणि आलेला तरुण या तिघांचेही नुकसान होते.

आधी कामच नीट पाहू. शेळी दिवसातून दोनदा पिळावी लागते, पाऊस असो, ताप असो की रविवार. धार काढण्याआधी कास पुसायची, पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात घेऊन दुधात गाठी दिसतात का ते पाहायचे, सड दुखरा किंवा गरम लागला तर ती शेळी शेवटी पिळायची आणि तिचे दूध वेगळे ठेवायचे. कासदाहाची सुरुवात ओळखायला बोटांना सवय लागते आणि ती चार दिवसांत लागत नाही. शेळी माणूस ओळखते. अनोळखी हात लागला की ती बिथरते, नीट पान्हा सोडत नाही आणि कासेत राहिलेले दूध पुढच्या दुखण्याला आमंत्रण देते. दर पंधरवड्याला नवा माणूस आणून बसवणे म्हणजे जनावराला दर पंधरवड्याला नव्याने बिथरवणे. धारेनंतर चीजचे काम सुरू होते. साधारण दहा लिटर दुधाचे एक किलो चीज होते. उरलेली निवळी तासन्‌तास ढवळत आटवली की नॉर्वेतले ते प्रसिद्ध तपकिरी चीज तयार होते आणि तेवढा वेळ चुलीत लाकूड घालत राहावे लागते. म्हणजे आधी कोणीतरी ते लाकूड तोडून, फोडून, वाळवून ठेवलेले असते. कच्च्या दुधाच्या चीजमध्ये लिस्टेरियासारखे जिवाणू शिरले तर गर्भवती स्त्री आणि म्हातारी माणसे धोक्यात येतात. त्यामुळे जिथे गरम पाण्याचा नळ नाही तिथे भांडी घासणे हे कोणाच्याही भरवशावर सोडण्याचे काम उरत नाही. संध्याकाळी रानात पांगलेल्या शेळ्या परत आणायच्या असतात आणि येम्तलांडच्या जंगलात अस्वले आहेत. या कामाला कौशल्य लागते, चुकले तर किंमत मोजावी लागते आणि एक वेळही चुकवता येत नाही. अशा कामाला आपण इतरत्र कुठेही हौस म्हणत नाही.

पूर्वी हे काम कोण करत होते, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. सेटर आणि फेबूद बायकांनी चालवले, त्यातही बहुतेक तरुण मुलींनी. पुरुष खाली शेतात गवत कापत आणि वर रानात मुली शेळ्या-गाई सांभाळत, दूध काढत, लोणी-चीज करून ते साठवत. रानातल्या जनावरांना साद घालायची त्यांची उंच पट्टीतली गायकी आज संगीतमहोत्सवांतून ऐकवली जाते. त्या मुलींना मिळणारा मोबदला मात्र फार तुटपुंजा होता आणि घरच्या मुलीला तर तोही नसे. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेत अशी हजारो ठिकाणे नांदती होती. आज जिथे दूध निघते अशी हजारही उरलेली नाहीत, स्वीडनमध्ये तर सुमारे दोनशे. सहकारी डेअऱ्या आल्या, सखल शेतात चारा भरपूर पिकू लागला, ही कारणे खरीच आहेत. पण माझ्या मते निर्णायक गोष्ट अशी की मुलींना शहरात पगाराची नोकरी मिळू लागली आणि त्या वर जायच्या थांबल्या. ही व्यवस्था ज्या स्वस्त श्रमावर उभी होती तो श्रम आपली किंमत मागू लागला आणि व्यवस्था कोसळली. आज स्वयंसेवकांना बोलावून आपण ती वाचवतो असे म्हणतो, तेव्हा त्याच रिकाम्या जागी पुन्हा बिनपगारी माणूस बसवत असतो. फरक इतकाच की आता तो घरचा नसतो, दुसऱ्या देशातून स्वतःच्या खर्चाने आलेला असतो.

शेतावरच्या स्वयंसेवेची आधुनिक चळवळ 1971 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली. सू कॉपर्ड या लंडनमध्ये सेक्रेटरीचे काम करणाऱ्या बाईंना शहरातल्या माणसाला गावाकडे जायची संधी हवी होती. त्यांची मूळ कल्पना फक्त शनिवार-रविवारची होती: शुक्रवारी संध्याकाळी जायचे, सेंद्रिय शेतावर दोन दिवस हातभार लावायचा, सोमवारी आपल्या नोकरीवर परत. पोटापाण्याची सोय आधीच असलेल्या माणसाची ती हौस होती आणि शेतही त्याच्यावाचून अडून राहत नव्हते. दोन दिवसांचे दोन महिने झाले आणि शेतकरी पेरणीचे, दुधाचे वेळापत्रक त्या हातांवर आखू लागला, तेव्हा व्यवहार बदलला आणि नाव तेच राहिले. ऑस्ट्रेलियाने याचे टोक पाहिले आहे. तिथे तरुण पर्यटकांना दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ग्रामीण भागात 88 दिवस ठरावीक प्रकारचे काम करावे लागे आणि शेतावरची बिनपगारी मदतही त्यात धरली जाई. परिणाम व्हायचा तोच झाला. व्हिसाची गरज असलेला तरुण नाही म्हणू शकत नव्हता आणि पिळवणूक इतकी वाढली की 1 डिसेंबर 2015 पासून सरकारने बिनपगारी काम मोजणेच बंद केले. न्यूझीलंडमध्येही न्यायालयाने अशा स्वयंसेवकांना प्रत्यक्षात कामगार ठरवून किमान वेतनाचा हक्क दिल्याचे प्रकरण आहे. दोन्ही देशांनी नावाकडे न पाहता कामाकडे पाहिले.

यावर पहिला आक्षेप असा येतो की दोन्ही बाजू राजीखुशीने हे ठरवतात, मग तिसऱ्याने मध्ये का पडावे? रस्त्याच्या कडेच्या, बस थांबणाऱ्या गावात हा आक्षेप मला बराचसा मान्य होईल. वीज नसलेल्या, रस्ता संपल्यावर दोन-तीन तास चालत जायच्या कुरणावर होणार नाही. तिथे पटले नाही तर निघून जायचे म्हणजे यजमानाच्याच गाडीची वाट पाहायची. फोन त्यांच्या पॅनेलवर चार्ज होतो, जेवण त्यांच्या पातेल्यातले असते आणि भाषा त्यांची. यजमान कितीही भला असो, आणि बहुतेक जण भलेच असतात, सहा तासांचे दहा तास झाले हे सांगण्याची ताकद पाहुण्याकडे उरत नाही. जूनमध्ये त्या अक्षांशावर रात्र जवळजवळ होतच नाही. काम कुठे थांबवायचे हे सांगायला अंधारही येत नाही. त्यात कुऱ्हाड, चेनसॉ, ओले खडक आणि शिंगे असलेले जनावर. जागतिक कामगार संघटना शेतीची गणना खाण आणि बांधकामाबरोबर सर्वांत धोकादायक तीन क्षेत्रांत करते. पगारी मजुराचे बोट तुटले तर विमा आणि कायदा त्याच्या मागे असतो. स्वयंसेवक मात्र मजूर की पाहुणा, हे त्याच क्षणी ठरवायची वेळ येते आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. प्रत्येक मदतीला पैशात मोजले तर माणुसकी कुठे राहिली? नॉर्वेत शेजाऱ्यांनी मिळून काम उरकायची दुगनादची परंपरा आजही जिवंत आहे आणि आपल्याकडे इर्जिक होते. एकाच्या शेतावर साऱ्या गावाच्या बैलजोड्या यायच्या, त्याने जेवण घालायचे. पैसा मध्ये नव्हता, हे खरे. पण परतफेड होती. आज तुझ्या शेतावर आलो, उद्या तू माझ्या शेतावर येशील, हा हिशेब गावात कोणी विसरत नसे, आणि जो विसरे त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कोणी फिरकत नसे. पुण्याहून किंवा बार्सिलोनाहून गेलेल्या तरुणाच्या घरी तो शेळीवाला कधी परतफेडीला येणार आहे? जिथे परतफेड शक्य नाही तिथे इर्जिकीचे नाव घेणे त्या परंपरेवरही अन्याय करणारे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो शेतकऱ्याचा आहे: मजुरी द्यायला माझ्याकडे पैसेच नाहीत, तुमचा नियम लावला तर उरलेली ठिकाणेही बंद होतील. ही भीती खोटी नाही. नॉर्वेत मजुरी जगातल्या सर्वांत महागांपैकी आहे आणि तीस-चाळीस शेळ्यांच्या चीजवर पूर्ण पगार निघणे अवघड. पण यातून हात फुकट असावेत असे निघत नाही. खर्च दुसऱ्या कोणीतरी उचलावा, एवढेच निघते. आणि उत्तरेकडच्या देशांनी तो उचलून दाखवला आहे. फिनलंडमध्ये जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला 26 दिवसांची सुट्टी कायद्याने मिळते आणि त्या दिवसांत गोठा सांभाळायला प्रशिक्षित बदली माणूस येतो. नॉर्वेत सुट्टीसाठी आणि आजारपणासाठी बदली माणूस ठेवायला सरकारी अनुदान आहे. म्हणजे धार काढणाऱ्याला एक दिवस तरी दुसरे हात मिळाले पाहिजेत, हे तत्त्व तिथे अर्ध्या शतकापासून मान्य आहे आणि त्याला पैसेही मिळतात. डिसेंबर 2024 मध्ये नॉर्वे आणि स्वीडनची ही उन्हाळी कुरणशेती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्या यादीमागच्या करारानुसार हा वारसा कसा जपला जातो याचा अहवाल देशांना वेळोवेळी द्यावा लागतो. ज्या वारशाचा साऱ्या देशाला अभिमान आहे, त्याचा पगार एका कुटुंबाने आणि परदेशी तरुणाने मिळून का सोसायचा? कुरणासाठी आणि उन्हाळी मुक्कामासाठी अनुदान आधीच दिले जाते. त्यात एका हंगामी माणसाचे वेतन जोडणे या देशांना मुळीच जड नाही.

महाराष्ट्रातून जाऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या पाहिजेत. एक, भारतीय पासपोर्टवरचा शेंगेनचा पर्यटक व्हिसा काम करण्याची परवानगी देत नाही. पगार घेतला नाही म्हणून ते काम ठरत नाही, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ज्या देशात जायचे तिथल्या स्थलांतर खात्याकडून लेखी उत्तर घ्यावे. यजमानाच्या शब्दावर जाऊ नये, कारण परत पाठवले जाईल ते तुम्हाला. दुसरी गोष्ट शेळ्यांची आहे. पीपीआर आणि लाळ्या खुरकूत हे रोग आपल्याकडे घर करून आहेत. नॉर्वेने 2001 पासून चाललेल्या एका मोहिमेत करडे जन्मताच आईपासून वेगळी करून, स्वच्छ जागेत वाढवून, जुने कळप बदलून आपल्या दुधाळ शेळ्या तीन चिवट रोगांपासून मुक्त केल्या. शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने वाढवलेली जनावरे त्यासाठी दिली. 2024 मध्ये पीपीआर ग्रीस आणि रुमानियात पोचला, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला लाळ्या खुरकूत जर्मनीत. गावी बकऱ्यांच्या बाजारात घातलेले बूट घेऊन थेट तिथल्या गोठ्यात शिरणे हा सदिच्छेने केलेला गुन्हाच ठरेल. मजूर म्हणून रीतसर नेमलेल्या माणसाला हे नियम पहिल्याच दिवशी सांगितले जातात. स्वयंसेवकाला ते सांगणे कोणाच्याच जबाबदारीत येत नाही.

ज्याला खरोखर शेळीपालन शिकायचे आहे त्याचे काय? त्याच्यासाठी तर हे सगळे अधिकच लागू पडते. स्वीडनमध्ये येम्तलांडलाच घरगुती खाद्यपदार्थांच्या कारागिरीचे राष्ट्रीय केंद्र, एल्ड्रिम्नेर, आहे. तिथे चीज करणे पद्धतशीर शिकवले जाते. अशा शिक्षणाला जोडून पूर्ण हंगामाची पगारी उमेदवारी असावी: शेळ्या वर जाण्याआधीपासून त्या खाली येईपर्यंत तोच माणूस, ठरलेले तास, आठवड्याला सुट्टी, विमा आणि परतीच्या प्रवासाची आधीच लावलेली सोय. अशाने कुरणावर दहा अर्धवट शिकलेल्या माणसांऐवजी एक शिकलेला राहील आणि शेळ्यांना एकाच हाताची सवय होईल. चीजची किंमत वाढेल, अनुदान धरूनही वाढेल. ओस्लो आणि स्टॉकहोमच्या दुकानांत ते चीज आजही चैनीच्या वस्तूसारखेच विकले जाते. ते विकत घेणाऱ्यांना ज्याने धार काढली त्याची मजुरी देणे परवडते.